रोम-इराणचे तह लक्षात ठेवायचेत? निसिबिस पकडा

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडं जगाचा इतिहास वाचणारी बरीच पोरं रोम-इराणच्या लढायांची लिस्ट करून भिंतीला चिकटवायलेत, इ.स.पू. ५३ ते इ.स. ६२८, एवढं कोण पाठ करणार बाबा. त्यापेक्षा असं करा.

आधी नकाशात निसिबिस शोधा, आज तुर्कस्तान-सीरिया बॉर्डरवरचं नुसायबिन. आपल्याकडं सोलापूरच्या किल्ल्यावरून निजामशाही-आदिलशाही भांडत राहिली ना, तसलंच प्रकरण. मग प्रत्येक तहाला तीनच प्रश्न विचारा: निसिबिस कुणाकडं गेलं, रोम-इराणच्या मधल्या आर्मेनियात कुणाचा माणूस बसला, पैसे कुणी मोजले.

इराणवर पार्थियन घराणं होतं त्या काळात आर्मेनियाचाच प्रश्न मोठा. इ.स. ६३ ला ठरलं की राजा पार्थियन घराण्यातला पण मुकुट रोमच्या हातून, अन् ६६ मध्ये रोमचा सम्राट नीरोनं रोममध्ये त्या घराण्यातल्या तिरिदातेसला मुकुट घातला. मला तर हा तोडगा सगळ्यात हुशारीचा वाटतो.

२२४ ला इराणात पार्थियनांच्या जागी सासानी घराणं आलं अन् खरी मारामारी सुरू. २९९ च्या सुमाराचा तह नीट वाचा, कारण इराणचा राजा नर्सेह, त्याचं कुटुंबच रोमच्या गॅलेरियसच्या हाती लागलेलं, म्हणून नर्सेहनं मुलूख सोडला, पण हरकत घेतली ती एकाच कलमावर, व्यापार फक्त निसिबिसमधूनच व्हायचा ह्या. जकातीचा पैसा कुठं होता ते इथं कळतं.

आता ३६३. इराणच्या दुसऱ्या शापूरचे तीन वेढे सोसून न पडलेलं निसिबिस रोमचा नवा सम्राट जोवियननं तहात देऊन टाकलं, कारण आधीचा सम्राट ज्युलियन मेलेला, फौज शत्रूच्या मुलखात उपाशी अडकलेली, अन् शहरातल्या लोकांना घरंदारं सोडून निघावं लागलं. ही एक तारीख मात्र पाठच करा, कारण त्यानंतर निसिबिस रोमला परत मिळालंच नाही, म्हणून तर पुढं जवळच दारा हा नवा किल्ला बांधला अन् त्यावरून नवी भांडणं.

५३२ चा तह नावाला "कायमचा", रोमनं ११,००० पौंड सोनं मोजलं, तरी ५४० ला इराणच्या खुस्रौनं रोमचं अँटिऑक शहर लुटलं. ५६२ चा ५० वर्षांचा, रोमनं वर्षाला ३०,००० सोन्याची नाणी द्यायची, व्यापारी ठरलेल्या नाक्यांवरूनच जाणार, सरहद्दीवर नवीन किल्ले नाहीत, लई बारीक कलमं आहेत. ५७२ ला रोमचा सम्राट दुसऱ्या जस्टिननं पैसे थांबवले अन् पुन्हा युद्ध.

म्हणून नोट्समध्ये तहाची मुदत लिहिली की शेजारी पुढच्या युद्धाचं साल पण टाका, ५० च्या बाजूला १० येतील.