पोळा, प्रसाद अन मोबाईल : गावात ख्रिस्ती म्हणून राहायचं कसं

आमच्या गावात ख्रिस्ती घरं सातच. श्रावण लागला का पोट्ट्यांचे प्रश्न सुरू, बाबा पोळ्यात जाऊ का, बोजारा (बैलजोडी दारात आली का देतात ते पैसे) घेऊ का, गणपतीच्या डीजेत नाचू का. आधी मी सरसकट नाही म्हणायचो, सोपं असते ते. आता तसं करत नाही. काय करतो ते लिहितो, कोणाच्या कामी पडलं तर घ्या.

कोणताही सण अख्खा उचलू बी नका अन अख्खा फेकू बी नका, त्यात काय काय होते ते आधी सुटं करून पाहा. पोळ्याचंच घ्या. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकायचे, दुसऱ्या दिवशी त्याला धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, मग तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवून म्हटलेल्या चिमटे काढणाऱ्या ओळी, मग जोड्या घरोघरी फिरतात अन बाया ओवाळतात. यातलं ओवाळणं अन बैलाच्या पाया पडणं ही पूजा झाली, ते आम्ही करत नाही. बाकीचे सगळे वर्षभर राबलेल्या जनावराचे लाड आहेत, अन बायबलात नीतिसूत्रे 12:10 मध्ये लिहिलंच आहे का नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेते. म्हणून शेजाऱ्याची जोडी दारात आली का बायको बादलीभर पाणी अन टोपल्यात ढेप ठेवते, मी बोजारा देतो, आरतीचं ताट नसते. पहिल्या वर्षी लोकं पाहत राहिले, आता कोणी विचारत बी नाही. झडत्या म्हणायला तर माझा मोठा पोट्टा सगळ्यात पुढं, कापसाच्या भावावर अशी टाकते का सरपंच बी हसते.

प्रसादावर आपल्यातच दहा मतं आहेत. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीपुढं हाच पेच होता, कारण तिथं मूर्तीपुढं वाहिलेलं मटण बाजारात विकायला यायचं. प्रेषित पौलानं त्यांना लिहिलेलं पहिलं पत्र बायबलात काढा, 10 वा अध्याय, 25 ते 29 वचनं शांतपणे वाचा. बाजारातलं घ्या, चौकशी करत बसू नका, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण कोणी सांगितलं का हे वाहिलेलं आहे तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणून लग्नाच्या पंगतीत आम्ही पोटभर जेवतो, महाप्रसादाच्या पंगतीत वाढायला उभे राहतो, जेवत नाही.

पण नाही म्हणायचं ते तोंडावर म्हणा. मी एकदा लाजेखातर शेजारच्या काकूच्या हातून शिऱ्याचा द्रोण घेतला अन मागच्या दारी जाऊन बकरीला टाकला. तिच्या नातवानं पाहिलं. महिनाभर काकू बोलली नाही, अन मग एक दिवस हापशीवर म्हणाली, "घेत नाही म्हटलं असतं त राग नसता आला रे बाप्पा, बकरीला काऊन टाकलं?" काय बोलणार. आता मी सरळ सांगतो, काकू प्रसाद नको, पण चहा टाका, बसतो मी. अन बसतो खरंच, ते महत्त्वाचं आहे, नकार देऊन लगेच चप्पल घालू नका.

मजुरीला जाणाऱ्या बाया विचारतात का कापसाच्या पहिल्या वेचणीला मालकीण सीतादही, म्हणजे शेतातली पूजा, करते तेव्हा काय करायचं. बाजूला उभं राहायचं, गप्प राहायचं, पूजा झाली का ओटी बांधून वेचायला लागायचं. तिथं प्रवचन देऊ नका. डीजेचं म्हणाल तर गाणं कोणतं अन सोबत दारू आहे का एवढं पाहा, जास्त डोकं लावू नका.

जास्त डोकं मोबाईलवर लावा, कारण देवाचं नाव घेऊनच तिथं जास्त फसवतात. अमुक नंबरवर पैसे टाका, अभिषेकाचं तेल मागवा, कर्ज फिटून जाईल, असे व्हिडिओ नापिकीच्या वर्षी बरोबर आपल्याच ग्रुपवर फिरतात. प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये बिरुया शहराचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात रोज तपासून पाहायचे, मग हा व्हिडिओवाला कोण लागून गेला. पोरांचा मोबाईल हिसकावू नका, जवळ बसा, व्हिडिओ थांबवा, त्यानं सांगितलेलं वचन बायबलात काढा, मागचं पुढचं वाचा. अन शेवटी क्यूआर कोड आला का बंद करा.

अजून एक, पोरांना वाटते ख्रिस्ती म्हणजे गिटार अन इंग्रजी गाणे. त्यांना सांगा, गोव्यातल्या इंग्रज फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे मराठीतली येशूची कथा, ओवीत आहे अन ते 1616 मध्ये छापलं. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार (बायबलचा दुसरा भाग) मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत, 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला अन मग त्यांनी अभंग लिहिले, ते आपण आजही गातो. आम्ही नाताळात तेच घेतो, टाळ अन ढोलकीवर. ढोलकी वाजवायला गावातल्या भजनी मंडळाचा बुवा येते. गाणं संपून प्रार्थना सुरू झाली का तो उठून बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसते, आमेन ऐकू आलं का परत आत.