हाताची, शिळेची की खिळ्यांची? घरात सापडलेल्या जुन्या पोथीचं वय कसं काढावं

मराठवाड्यातल्या माळवदी घरांत देवळीतून किंवा फडताळातून बासनात बांधलेली पोथी निघाली की ‘आमच्याकडे हस्तलिखित आहे’ असं सर्रास सांगितलं जातं. त्यातल्या कितीतरी पोथ्या छापील असतात. मात्र छापील म्हणजे कमी मोलाची, असं अजिबात नाही. ती कुठे आणि कधी छापली हे कळलं, तर या भागात छापील अक्षर कोणत्या वाटेने आलं तेही कळतं.

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, मऊ ब्रश, वही आणि पेन्सिल. पोथीजवळ पेन नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. पान कडेने मोडत असेल, तर त्याखाली जाड कागद सरकवून उचला.

आधी पोथी कोणत्या रीतीने झाली ते ठरवा. लांबट, सुटी पानं पाहून निर्णय देऊ नका, कारण मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनी कितीतरी वर्षं पोथ्या याच आकारात छापल्या. टॉर्च पानाच्या कडेला आडवी धरा आणि पानाच्या पाठीवरून बोट हलकेच फिरवा.

खिळाछाप, म्हणजे धातूचे सुटे अक्षर-खिळे जुळवून केलेली छपाई असेल, तर पाठीला अक्षरांचे बारीक उठाव लागतात. भिंगातून अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद झालेली आणि मधे थोडी फिकी दिसते. शिरोरेघ अखंड नसते. दोन खिळे जिथे भिडतात तिथे केसाएवढी फट राहते. एखाद्या ‘क’चा शेंडा तुटलेला असेल, तर तोच तुटका ‘क’ पुढच्या पानांवरही भेटतो. हा पुरावा सर्वांत भक्कम.

शिळाछाप मात्र फसवते. लेखनिक खास शाईने कागदावर लिहितो, ते अक्षर दगडावर उतरवतात आणि दगडावरून प्रती काढतात. त्यामुळे वळण हाताचंच दिसतं, ओळही किंचित वाकते. पण पाठीला उठाव नसतो आणि शाई पानभर एकसारखी असते. हाताने लिहिलेल्या पोथीत बोरू शाईत बुडवल्यावर पहिली काही अक्षरं गडद येतात, मग फिकी होत जातात, पुन्हा गडद येतात. हा चढउतार नसेल, तर शिळाछापाचा संशय घ्या. उर्दूच्या तिरक्या, एकमेकांत गुंफलेल्या नस्तालिक वळणाचे खिळे जुळवणं फार अवघड असल्याने उर्दू मजकूर दीर्घकाळ शिळेवरच छापला गेला. निजामी राजवटीतले उर्दू कागद तपासताना हे ध्यानात ठेवा.

कागद उजेडासमोर धरा. दौलताबादजवळचा कागजीपुरा हातकागदासाठी प्रसिद्ध. अशा कागदात गवताच्या जाळीच्या बारीक, किंचित वाकड्या समांतर रेषा दिसतात. अगदी यंत्रासारख्या सरळ रेषा असतील, तर कागद बहुधा गिरणीचा. तपकिरी पडून तुटणारा कागद बहुधा लाकडी लगद्याचा. त्यातलं आम्लच त्याला खातं. पण तो जास्त काळवंडला म्हणून जास्त जुना मानू नका. चिंधीपासून केलेला आधीचा कागद पुष्कळदा त्याहून पांढरा राहतो.

आता वर्ष. पोथीत ते पहिल्या पानावर शोधू नका, शेवटचं पान उघडा. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीचा काळ असेल तर ७९. शेजारी संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असलं तर फार बरं. शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी हाच संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. समजा वाळवीने एक आकडा खाल्ला आहे आणि ‘शके १७_५, रुधिरोद्गारी’ एवढंच उरलंय. रुधिरोद्गारी सत्तावन्नावा. सतराशेच्या शतकात पाच आकड्यावर संपणारे १७२५ आणि १७८५ एवढेच शक त्याला जुळतात. १७२५ म्हणजे १८०३, आणि देवनागरीतलं मराठी छापील पुस्तक बंगालमधल्या श्रीरामपूरहून आलं १८०५ मध्ये. पोथी छापील असेल तर उत्तर १७८५, म्हणजे १८६३.

‘सन १८६७ चा आक्ट २५’ (छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा) अशी ओळ दिसली, तर प्रत त्या कायद्यानंतरची आणि ब्रिटिश मुलखात छापलेली. ती ओळ नसणं मात्र पुरावा नव्हे. महसुली कागदांवरच्या फसली सनात ५९० मिळवा. हैदराबाद संस्थानात वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. मालकाने हाताने घातलेली तारीख छपाईची नसते. छपाई तिच्या आधीची, एवढंच तिच्यावरून कळतं.

हे हिशेब जुळवायला लागल्यावर चित्र उमटतं. १८८० च्या दशकापासून संस्थानाचा कारभार उर्दूत होता, १९१८ चं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. त्यामुळे घरातला सरकारी कागद हैदराबादचा, उर्दू. आणि देवघरातली मराठी पोथी बहुधा मुंबई-पुण्याची, निर्णयसागरसारख्या छापखान्यातली. छापील प्रतींमुळे गावोगाव पारायणाला एकच पाठ रुळला. म्हणूनच खरोखर हस्तलिखित निघालं, तर त्यातल्या ओव्या छापील प्रतीशी ताडून पाहा. निराळा पाठ सापडला तर तो जपलाच पाहिजे.

वृत्तपत्रांची नोंद करताना आणखी एक काळजी. आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक बंदी आली की नाव बदलून निघे. नावानुसार गठ्ठे वेगळे करून टाकलेत, तर सलग मालिका तुटते. तारखेच्या क्रमानेच लावा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि अक्षर खातो. लॅमिनेशन तर नकोच, ते उलटवता येत नाही. पत्र्याखालच्या पेटीत उन्हाळ्यात कागद भाजून निघतो, म्हणून पोथी धुतलेल्या सुती बासनात गुंडाळून घराच्या आतल्या, कोरड्या भिंतीच्या कपाटात ठेवा. बांधण्याआधी पहिलं पान, शेवटचं पान आणि मालकाच्या नोंदी असलेली पानं यांचे फोटो काढा. पोथी कुणाच्या घरातून, कोणत्या गावातून आली हे चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बासनातच ठेवा.