खाडीच्या गाळाचं वय काढताना या चुका टाळा

ठाणे खाडीच्या गाळात किरणोत्सार आहे म्हटलं, की लोकांची नजर आधी तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांकडे जाते. पण शिसे-२१० (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) आणि रेडियम ही खडक-मातीतल्या युरेनियम-थोरियमची लेकरं, मुंबई वसण्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. गाळ कधी साचला, पाणी कुठून आलं, हे त्यांच्याकडून कळतं. मात्र मोजमापात ढिलाई झाली की उत्तर साफ चुकतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकूण शिसे-२१० वरून थेट वय काढल्याने. यातलं काही शिसं गाळातल्याच रेडियम-२२६ पासून सतत बनत असतं. बाकीचं वरून येतं: जमिनीतून निसटलेला रेडॉन हवेत विघटन पावतो आणि त्यातून झालेलं शिसं पावसाबरोबर खाली उतरतं. वय सांगतं ते फक्त हे वरून आलेलं, २२.३ वर्षं अर्धायुष्याचं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मं उरणारं शिसं. रेडियमचा वाटा वजा केला नाही, तर खोल थर आहेत त्याहून तरुण दिसतात. म्हणून रेडियम त्याच नमुन्यात मोजा. ते मोजतात त्यातून बनणाऱ्या रेडॉनवरून; तो पुरेसा साठावा म्हणून नमुन्याची डबी हवाबंद करून निदान तीन आठवडे ठेवावी लागते. झाकणातून रेडॉन गळला तर रेडियम कमी भरतं आणि वजाबाकीच चुकते. तळाच्या थरांत वरून आलेलं शिसं संपलेलं असतं; तिथे शिसं आणि रेडियम जुळत नसतील, तर आधी झाकण तपासा.

दुसरी चूक चिखलात उभं राहिलं की डोळ्यांना दिसते. ओहोटीला तिवरांखाली बघा: हाताच्या पंजाएवढ्या जागेत खेकड्यांची पाच-सहा बिळं, आणि बाजूला निवट्या उड्या मारत असतात. हे जीव वरचा गाळ खाली, खालचा वर करतात. मग वरच्या दहा सेंटिमीटरांत शिसं सारखंच भरतं आणि आपण म्हणतो, गाळ झपाट्याने साचतोय! अशा वेळी बेरिलियम-७ मोजा; तेही किरणोत्सारी आणि हवेतूनच खाली उतरणारं. त्याचं अर्धायुष्य ५३ दिवसांचं. ते आठ सेंटिमीटर खाली सापडलं, तर बहुतेक वेळा गाळ ढवळलेलाच असतो.

गाळाचे थर जसेच्या तसे काढायची नळी चिखलात दाबताना गाळ आत दबतो. नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी तिथल्या तिथे टेपने मोजून लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

पाण्यातलं रेडियम-२२४ फार घाईचं, अर्धायुष्य साडेतीन-पावणेचार दिवस. शुक्रवारी घेतलेला नमुना सोमवारी मोजलात, तर जवळपास निम्मं गेलेलं असतं. पाण्यातलं रेडियम धरून ठेवणाऱ्या मॅंगनीजच्या तंतूंतून पाणी सोडण्याआधी ते गाळून घ्या, कारण गाळाच्या कणांवरचं रेडियम खाऱ्या पाण्यात सुटतं. भरती आणि ओहोटी, उधाण आणि भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस), दोन्ही वेळी नमुने घ्या. ओहोटीचं पाणी चिखलातून रेडियम घेऊन परततं, त्यामुळे एकाच वेळचा आकडा अख्ख्या खाडीचा नसतो.

आणि शिसे-२१० कडून शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडचं मागू नका. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली, त्या काळच्या थरात वरून आलेलं शिसं मोजण्याइतकं उरलेलंच नाही.