आय.आर.मधला पगार: दुसऱ्यांचे करार करताना स्वतःच्या बाबतीत या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात तळोजा एमआयडीसीतून एका तरुण सहकाऱ्याचा रात्री साडेदहाला फोन आला. अकरा महिने रेंगाळलेला वेतन करार त्या संध्याकाळी मिटला होता, सह्या झाल्या होत्या. 'सर, झालं एकदाचं,' म्हणाला, आणि मग सांगतच सुटला: मूळ पगारात वाढ किती, कुठला भत्ता पीएफला धरला, कुठला नाही, थकबाकी कुठल्या महिन्यापासून. सगळं तोंडपाठ. मी विचारलं, 'आणि तुझा स्वतःचा मूळ पगार किती?' तो गप्प झाला. मग म्हणाला, 'पॅकेज साडेनऊचं आहे, सर.' मूळ पगार त्याला ठाऊक नव्हता.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आय.आर.चं, म्हणजे औद्योगिक संबंधांचं (कंपनी आणि युनियन यांच्यातले करार, तंटे सांभाळण्याचं) काम करण्यात माझी 23 वर्षं गेली. कामगारांच्या करारातला स्वल्पविराम न स्वल्पविराम तपासणारी माणसं स्वतःच्या नेमणूकपत्रावर दोन मिनिटांत सही करतात, हे मी सतत पाहत आलो आहे. त्याचा त्रास मला फार होतो, कारण आपल्यामागे युनियन नाही. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा माणूस कायद्याच्या 'कामगार' व्याख्येत बसत नाही. देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी जुन्या कायद्यात दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती 18,000 आहे. त्यावर पगार असला की तोही बाहेर. म्हणजे कामगाराला लेबर कोर्टाचा जो दरवाजा उघडा आहे, तो आपल्याला नाही. आपल्या हातात फक्त आपला करार. तोच वाचला नाही तर उरलं काय?

सीटीसीला बारानं भागणं

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ज्याला आपण पॅकेज म्हणतो. त्याला बारानं भागणं ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबू. समजा पॅकेज 12 लाखांचं आहे आणि त्यात मूळ पगार 4 लाख. मनात आपण लगेच महिन्याला एक लाख धरतो. आता हिशेब करू. मालकाचा पीएफचा वाटा 12 टक्क्यांनी 48,000. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे 19,240. व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा हमी नसलेला बदलता भाग, 1,20,000. विम्याचा हप्ता 20,000 धरा. हे 2,07,240 रुपये महिन्याच्या पगारपत्रकात येतच नाहीत. उरले 9,92,760, महिन्याला 82,730. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 4,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 78,530. आयकर नव्या पद्धतीत इथे शून्य धरला आहे. लाख समजून परळला भाड्याचं घर बघायला निघालेल्या माणसाला एकवीस हजारांचा फरक पहिल्याच महिन्यात जाणवतो.

हाच हिशेब आता नव्याने मांडायला हवा, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेतली व्याख्या सांगते की वेतनात न धरलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच मिळवायचा. वरच्या उदाहरणात मूळ पगार 4 लाखांऐवजी 6 लाख झाला आणि पीएफ पूर्ण पगारावर कापला, तर मालकाचा वाटा 72,000 होतो, ग्रॅच्युइटीची तरतूद 28,860 होते, तुमचा मासिक पीएफ 6,000 होतो आणि हातात 73,728 येतात. महिन्याला साधारण 4,800 कमी. पण पीएफ खात्यात वर्षाला 96,000 जमा होत होते, ते आता 1,44,000 होतात आणि ग्रॅच्युइटी दीडपट होते. पीएफ दरमहा 15,000 रुपये वेतनाच्या मर्यादेवरच कापला जात असेल, तर दोन्ही बाजूंचे 1,800 रुपये तसेच राहतात आणि हातातला पगार त्या कारणाने घटत नाही. म्हणून नोकरी पक्की करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: पीएफ पूर्ण मूळ पगारावर की मर्यादेवर?

व्हेरिएबलबद्दलही लेखीच विचारा. ते कशावर अवलंबून आहे, कंपनीच्या नफ्यावर की तुमच्या कामगिरीवर? मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के दिलं? आय.आर.च्या माणसाला उत्पादनाच्या आकड्यांवर व्हेरिएबल बांधून देतात, तिथे सावध व्हा. युनियनने गो-स्लो केला, म्हणजे मुद्दाम काम संथ केलं, तर तुमचाच पगार कापला जाणार, आणि मग वाटाघाटीच्या टेबलावर तुमचं डोकं शांत राहणार नाही.

सरकारी मूळ वेतन आणि खासगी पॅकेज शेजारी ठेवणं

'सर, असिस्टंट लेबर कमिशनरला फक्त 56,100?' हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. केंद्रीय कामगार सेवेतलं हे पद स्तर 10 चं आहे आणि 56,100 हे तिथलं सुरुवातीचं मूळ वेतन आहे, पूर्ण पगार नव्हे. जानेवारी 2024 ला केंद्राचा महागाई भत्ता 50 टक्के झाला, तेव्हा मुंबईसारख्या एक्स श्रेणीच्या शहरात घरभाडे भत्ताही 30 टक्के झाला. त्या दिवशीचा हिशेब: 56,100 अधिक 28,050 अधिक 16,830, म्हणजे 1,00,980. वाहतूक भत्ता वेगळा. महागाई भत्ता त्यानंतरही वाढत गेला आहे.

सार्वजनिक उपक्रमांचंही तसंच. चेंबूर-माहुलकडे खतांचा कारखाना आहे, तेलशुद्धीकरण प्रकल्प आहेत. तिथल्या अधिकाऱ्यांच्या जाहिरातीत '40,000 ते 1,40,000' किंवा '50,000 ते 1,60,000' अशी ई-1, ई-2 वेतनश्रेणी छापलेली असते. ते आकडे 2017 च्या वेतनसुधारणेतल्या मूळ वेतनाचे. त्यावर औद्योगिक महागाई भत्ता, घरभाडं किंवा निवासस्थान, मूळ वेतनाच्या 35 टक्क्यांपर्यंत इतर भत्ते, आणि कामगिरीनुसार मोबदला. खासगी पॅकेजशी तुलना करायचीच तर सगळं बेरजेत आणा, नाहीतर दोन्हीकडचा फक्त मूळ पगार घ्या.

परदेशातले आकडे बघून मन खट्टू करून घेऊ नका. अमेरिकेत लेबर रिलेशन्स स्पेशालिस्टचं मध्यांक वेतन 2023 मध्ये वर्षाला 90 हजार डॉलरच्या जवळपास होतं, म्हणजे अर्धे त्याच्या वर आणि अर्धे खाली. पण त्या आकड्यात मोजलेली बरीच माणसं युनियनच्या पगारावर काम करणारी आहेत. आपल्याकडे हे काम बहुतेक करून व्यवस्थापनाच्या बाजूने होतं. डॉलरला रुपयाने गुणून काही कळत नाही.

हुद्द्याच्या नावावर भुलणं

'मॅनेजर, एम्प्लॉयी रिलेशन्स' असा हुद्दा अंधेरीच्या कॉर्पोरेट ऑफिसातही असतो आणि अंबरनाथच्या कारखान्यातही. काम मात्र वेगळं, म्हणून दहा वर्षांनंतरचा पगारही वेगळा. या क्षेत्रात पगार जोखमीवर ठरतो. कायम कामगार किती आणि कंत्राटी किती? युनियन एक की तीन, बाहेरचं नेतृत्व की अंतर्गत? मागचा करार कधी संपला? कोर्टात प्रलंबित प्रकरणं किती? शेवटची कामबंदी कधी झाली? मुलाखतीत हे तुम्ही विचारायचं असतं. उत्तरं आल्यावरच कळतं की देऊ केलेला पगार रास्त आहे की तुमच्या गळ्यात कोणाचं तरी अर्धवट भांडण बांधलं जातंय. करार संपून दोन वर्षं झालेली आणि दोन युनियनमध्ये मान्यतेचा वाद चाललेली जागा असेल, तर तिची किंमत मागायलाच हवी.

मुंबईत राहून कारखान्यात जायला नाही म्हणणारी मुलं मी समजू शकतो. डोंबिवलीहून तारापूर रोज करणं माणसाला थकवतं. पण लालबाग-परळच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करत बंद पडल्या आणि शहरातला कारखाना ठाणे-बेलापूर, तळोजा, पाताळगंगा, तारापूर, चाकणला गेला. आय.आर. तिथेच शिकता येतं. करिअरच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत चार-पाच वर्षं तरी कारखान्याच्या गेटवर गेली असतील, तर पुढे हेड ऑफिसात येऊनही तुमचा भाव टिकतो. नुसती रजिस्टरं आणि रिटर्न भरण्यात दहा वर्षं गेली, तर बाजार तुम्हाला कम्प्लायन्सचा दर देतो. ते काम कमी दर्जाचं नाही, पण दर वेगळा आहे.

केलेलं काम कागदावर न ठेवणं

माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक बायोडेटात एक वाक्य ठरलेलं: 'युनियनशी सलोख्याचे संबंध राखले.' यावरून कोणीही पगार वाढवत नाही. त्याऐवजी असं लिहा: किती कामगार, करार किती वर्षांचा, युनियनचं मागणीपत्र आल्यापासून सही होईपर्यंत किती महिने, सही थेट दोघांत झाली की सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर. हा शेवटचा तपशील जाणकाराला खूप काही सांगतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 12(3) खाली समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा. आपसांत झालेला 2(पी) चा करार फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना. वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार आयुक्तांचं कार्यालय असलेल्या कामगार भवनात फेऱ्या मारून, अल्पसंख्य युनियनलाही टेबलावर आणून ज्याने 12(3) केला, त्याने वेगळ्या वजनाचं काम केलेलं असतं.

खातेनिहाय चौकश्या किती चालवल्या, त्यातल्या किती लेबर कोर्टात टिकल्या, तेही लिहा. स्थायी आदेशांचा (कामगारांच्या सेवाशर्तींच्या नियमांचा) मसुदा नव्याने केला असेल तर तो ठळक लिहा. संहिता आल्यापासून अशा माणसांना मागणी आहे. उत्पादकतेशी जोडलेली वाढ मान्य करून घेतली असेल तर त्याची पद्धत सांगा, पण कंपनीचे खर्चाचे आकडे बाहेर काढू नका. जुन्या मालकाचं गुपित मुलाखतीत फोडणाऱ्याच्या हातात नवा मालक मागणीपत्र देणार नाही.

हे सगळं नोकरी बदलताना आठवत नाही. प्रत्येक कराराची सही झाली की त्याच आठवड्यात एक पान लिहून ठेवा.

अभ्यासक्रम निवडताना

कामगार कल्याण अधिकारी हे कायद्याने बंधनकारक पद आहे. कारखाने अधिनियम 1948 मध्ये 500 कामगारांची अट होती, नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेत ती 250 वर आली. त्या पदासाठी लागणारी पात्रता सरकार ठरवतं. एच.आर.चं कुठलंही एमबीए तिथे चालतंच असं नाही, आणि हे अनेकांना नोकरी हातातून गेल्यावर कळतं. प्रवेश घेण्याआधी संस्थेला लेखी विचारा की पदवी या पदासाठी मान्य आहे का. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आणि देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही मुंबईतली या विषयाची जुनी घरं आहेत. कायद्याची पदवी जोडली तर पगारात नक्की फरक पडतो, असं माझं मत आहे. आणि गेटवर उभं राहून मराठीत नीट, मान राखून बोलता येणं याला पदवी नसली तरी किंमत आहे.

आधीच चूक झाली असेल तर

पगार ठरल्यापेक्षा कमी हातात येतोय? नेमणूकपत्र, पहिल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि पीएफचं पासबुक शेजारी ठेवा. गोंधळ बहुतेक वेळा पीएफ कुठल्या रकमेवर कापला यात किंवा व्हेरिएबलमध्ये सापडतो. पगार खात्याला ई-मेल करा, तोंडी विचारू नका.

ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर ग्रॅच्युइटी बुडाली असं समजू नका. नव्या संहितेत एक वर्ष सेवा झाली तरी प्रमाणात मिळते. कायम नोकरीत असाल आणि पाच वर्षांना चार-सहा महिने कमी असतील, तर राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी शेवटच्या मासिक वेतनाला 15 ने गुणून 26 ने भागा आणि वर्षांनी गुणा. किती रक्कम सोडून चाललो आहोत ते दिसेल.

तुमच्या हाताखालच्या जुन्या ऑपरेटरचा पगार तुमच्यापेक्षा जास्त झालाय? जुन्या कारखान्यांत हे होतं. त्याचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असतो, तुमचा नसतो. त्याच्यावर राग धरू नका. त्याने तो संघटना करून मिळवला आहे. व्यवस्थापनापुढे मात्र हा फरक आकड्यांनिशी ठेवा: मागच्या करारानंतर कामगारांची वाढ किती, अधिकाऱ्यांची किती.

मागायची वेळही बघा. एप्रिलची पगारवाढ बहुतेक कंपन्यांत जानेवारी-फेब्रुवारीतच ठरलेली असते. मार्चअखेर केलेल्या अर्जाला काही अर्थ उरत नाही. करार मिटल्यानंतरचा महिना सगळ्यात चांगला, तेव्हा तुम्ही काय वाचवलंत ते सगळ्यांना दिसत असतं. तळोज्याच्या त्या मुलाला मी हेच सांगितलं. त्याने दुसऱ्या आठवड्यात एक पानाची टिपणी घेऊन प्लांट हेडची वेळ मागितली. मूळ पगार किती ते आता त्याला पाठ आहे, आणि पीएफ पूर्ण पगारावर कापला जावा हा त्याचा आग्रह कंपनीने मान्य केला. पॅकेजचा मोठा आकडा पुढच्या एप्रिलला बोलू म्हणाले. ते त्याने ई-मेलवर घेऊन ठेवलं आहे.