टपाल तिकिटाचा रंग छापताना चुकला की घरात उडाला? या चुका टाळा

विदर्भातील जुन्या घरांत आलेली पत्रे तारेला टोचून ठेवण्याची पद्धत होती. खांबाला अडकवलेल्या त्या तारेवर पोस्टकार्डे आणि पाकिटे वर्षानुवर्षे एकावर एक चढत जात, आणि चुलीत जळणाऱ्या पऱ्हाटीचा धूर, कवेलूंच्या फटीतून उतरणारे ऊन व पावसाळ्यातील ओल हे सारे त्यांच्यावरून जात असे. आमच्या घरची तार उतरवली तेव्हा एका पाकिटावरील बहुरंगी तिकिटात झाडाची पाने हिरव्याऐवजी निळी दिसली. ‘पिवळा रंग गहाळ’ अशी नोंद करून मी ते तिकीट अल्बममध्ये मानाच्या जागी लावले आणि बराच काळ त्यावर विश्वास ठेवला. पुढे भिंगातून पाहताना तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाची एक तिरकी पट्टी आढळली. तारेवरील पुढच्या पत्राने जेवढा भाग झाकला होता, तेवढ्याच भागात मूळ रंग टिकून राहिला होता.

ही चूक गावोगावच्या संग्राहकांकडून होते, कारण आपल्याकडची जुनी तिकिटे अल्बममधून नव्हे, तर तारेवरून, पेटीतून आणि माळ्यावरून येतात. छपाईदोष छापखान्यातच घडतो आणि तेथेच पुरा होतो. नंतर बदललेला रंग मात्र सहसा एकटा बदलत नाही. त्याच्याबरोबर कागद, डिंक, शिक्क्याची शाई किंवा शेजारचा दुसरा रंग यांपैकी काहीतरी बहुधा बदललेले असते. म्हणून केवळ ‘कोणता रंग नाही’ एवढ्यावर न थांबता ‘त्याबरोबर आणखी काय बदलले आहे’ हे शोधावे.

उन्हाचा परिणाम ओळखणे त्यामानाने सोपे आहे. एसटी स्टँडवर वर्षभर उन्हात राहिलेले पोस्टर पाहिले असेल, तर ते हळूहळू निळसर पडते हे लक्षात आले असेल. चार रंगांच्या छपाईतील पिवळी आणि किरमिजी शाई उन्हाला फारशी तग धरत नाही, तर निळी आणि काळी अधिक टिकते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि त्या प्रखर उन्हात खिडकीशी लावलेल्या तिकिटाचेही हेच होते. त्यामुळे पिवळा रंग नाहीसा झाला असून त्याच वेळी लाल व किरमिजी भागही फिकट दिसत असतील, तर तो छपाईदोष नव्हे. खऱ्या दोषात पिवळ्याची छपाई संपूर्ण राहून गेलेली असते आणि बाकीचे तीनही रंग नेहमीच्या तिकिटाइतकेच भरदार असतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन शिक्क्याच्या जाड रेषांलगत आणि तिकिटाच्या दातेरी कडेला पाहावे. तेथे पिवळ्याचा एखादाही ठिपका सापडला, तर ‘गहाळ रंग’ हे नाव त्या तिकिटाला देता येत नाही. शाई कमी पडल्याने रंग विरळ उमटला असेल, तर ती छपाईतील अनियमितता म्हणून जपावी, पण तिला पूर्ण दोषाच्या पंक्तीत बसवू नये.

पिवळा रंग ‘जास्त’ दिसला तर आपल्या भागात आधी हळदीचा संशय घ्यावा. लग्नपत्रिकेच्या पाकिटाला हळदी-कुंकू लावले जाते आणि बोटांवरची हळद तिकिटापर्यंत सहज पोहोचते. हळदीचा डाग साबण किंवा चुना लागताच लालसर होतो, म्हणून एकाच पाकिटावर पिवळे आणि तांबूस असे दोन्ही डाग दिसू शकतात. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा अंधारात धरल्यास हळद पिवळसर-हिरवी चमकते, आणि ही चमक तिकिटाच्या सीमेवर न थांबता पाकिटावरही पसरलेली दिसते. छापील शाई चौकटीबाहेर अशी सांडत नाही.

जुनी केशरी व लाल तिकिटे तपकिरी किंवा काळपट झाली की ती ‘चुकीच्या रंगात छापलेली’ ठरवण्याचा मोह होतो. वस्तुतः त्यांपैकी काहींच्या शाईत शिशाची रंगद्रव्ये होती आणि हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन ती काळवंडतात. कोळशाचा धूर, गोबरगॅस, इतकेच नव्हे तर पत्रांच्या गठ्ठ्याला बांधलेले रबर हेही गंधकाचे स्रोत आहेत. असा काळेपणा बहुधा कडेकडून आणि ठिगळाठिगळाने येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो कमी होऊ शकतो हे खरे. पण मौल्यवान तिकिटावर घरी हा प्रयोग करू नये, कारण कागद आणि शिक्का यांवर होणारा परिणाम परत घेता येत नाही.

खऱ्या रंगदोषामागे छपाईचे स्पष्ट कारण असते. स्वीडनचे १८५५ मधील तीन स्किलिंगचे (स्किलिंग हे तेथील जुने चलन) तिकीट हिरव्या रंगाचे असायला हवे होते, पण त्याची एक प्रत पिवळी निघाली; आठ स्किलिंगच्या पिवळ्या तिकिटांच्या पाट्यात तीन स्किलिंगचा एक ठसा चुकून बसवला गेला असावा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. भारतातील १८५४ चे चार आण्यांचे तिकीट लाल चौकट आणि निळे शिर अशा दोन छपायांत तयार होत असे, म्हणूनच राणी व्हिक्टोरियाचे शिर उलटे येणे शक्य झाले. एकाच रंगात छापलेल्या तिकिटाबाबत ‘एक रंग गहाळ’ असा दावा कोणी केला, तर तो छपाईच्या पद्धतीशीच जुळत नाही.

छटांचा गोंधळही येथेच दूर करावा. नेहमीच्या वापराची तिकिटे वर्षानुवर्षे पुनःपुन्हा छापली जातात. आपल्या परिचयाचे कापसाच्या झाडाचे एक रुपयाचे तिकीट अशाच मालिकेतले आहे. दर खेपेची शाई थोडी गडद वा फिकी येणे स्वाभाविक असते आणि ती छटा होय, दोष नव्हे. तुलना करताना त्याच तिकिटाचे चांगले नग शेजारी ठेवावेत आणि सकाळी ओसरीवरच्या सावलीत पाहावे. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या मोबाइलच्या फोटोवरून निर्णय देऊ नये. असे फोटो मला अनेकदा येतात आणि प्रत्येक वेळी प्रत्यक्ष तिकीट पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

मुद्दाम रंग उडवलेली तिकिटेही बाजारात येतात. ब्लीचिंगच्या पाण्यात घातलेल्या तिकिटाचा डिंक गेलेला किंवा पुन्हा लावलेला असतो, कागदाचा पोत खरखरीत होतो आणि जांभळ्या दिव्याखाली त्याची चमक नेहमीच्या नगाहून वेगळी दिसते. न वापरलेल्या, मूळ डिंकासह असलेल्या आणि शीटची कडा जोडलेल्या, एकमेकांना चिकटून असलेल्या दोन तिकिटांवर अधिक विश्वास ठेवावा, कारण कडेला छापलेले रंगतपासणीचे ठिपके कोणता रंग उमटला आणि कोणता नाही हे सांगतात.

संशयास्पद तिकीट सापडले, तर ते पाकिटावरून सोडवू नये, पाण्यात घालू नये, सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. अख्खे पाकीट आम्लरहित कागदात गुंडाळून लोखंडी पेटीत, रबराशिवाय ठेवावे आणि ते घरात कोठे व कसे मिळाले याची नोंद सोबत लिहावी. नागपूरच्या जनरल पोस्ट ऑफिसमधील फिलाटेली ब्युरोत (तिकीट-संग्राहकांसाठीच्या विभागात) किंवा एखाद्या जाणकार संग्राहकाकडे ते दाखवायला नेताना त्याच तिकिटाचा एक निर्दोष नगही बरोबर न्यावा.