छोट्या खाद्यपदार्थावर विकिपीडियात लेख करण्याआधी

आधी पाककृतीची पानं बंद करा. पदार्थ खरा आहे, लोक आवडीने खातात, चव भारी आहे, यातलं काहीही लेख वाचवत नाही. पदार्थाशी लागेबांधे नसलेल्या, भरवशाच्या स्रोतांनी त्याची सविस्तर दखल घेतली आहे का, एवढंच पाहिलं जातं. विकिपीडियावर या कसोटीला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात आणि तिच्या नियमांचं पान तुम्ही वाचलं असेलच. वाचूनही माणूस फसतो तो संदर्भ मोजताना.

माझा लेख तिथेच फसला आणि वगळला गेला. एका सॉसच्या उपप्रकारावर होता आणि खाली संदर्भांची ही लांबलचक रांग. वगळण्याच्या चर्चेत एका संपादकाने एकेक दुवा उघडून दाखवला. बऱ्याच पानांवर तीच वाक्यं, त्याच क्रमाने, उगमाच्या वर्षातली चूकसुद्धा तीच. एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी उचललेलं, म्हणजे स्रोत एकच. एक ‘बातमी’ सॉस विकणाऱ्या कंपनीचं प्रसिद्धिपत्रक निघाली. एका यादीत पदार्थाच्या वाट्याला दीड ओळ. आणि एका पानाने मजकूर विकिपीडियावरच्याच दुसऱ्या लेखातून घेतला होता!

हे शेवटचं नीट समजून घ्या. कोणीतरी विकिपीडियावर बिनसंदर्भ काहीतरी ठोकून देतो, वर्तमानपत्र ते छापतं आणि पुढे तेच वर्तमानपत्र लेखात पुरावा म्हणून येतं. व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २०११ मध्ये एका व्यंगचित्रात या चक्राला ‘सायटोजेनेसिस’ म्हटलं. खाद्यपदार्थांच्या उगमकथांना ही लागण फार. म्हणून स्रोतातलं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा आणि स्रोताची तारीख लेखाच्या इतिहासाशी, म्हणजे कोणता बदल कधी झाला त्या नोंदीशी, ताडून पाहा. वाक्य लेखात आधी आलं असेल तर त्याच्यासाठी तो संदर्भ बाद. संदर्भ आपोआप गोळा करून देणारी साधनं हे करत नाहीत, ती फक्त रांग लांबवतात. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही.

उरलेल्या स्रोतांतून कृती, किंमत आणि कौतुक वजा करा. पदार्थ कुठून आला, कसा पसरला, का बदलला, अभ्यासकांनी त्याबद्दल काय म्हटलं, यावर दोन परिच्छेद उभे राहतात का? राहत असतील तर बिनधास्त लिहा. स्रोत ऑनलाइन असलाच पाहिजे असं नाही. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकाची चार पानं दहा दुव्यांना भारी पडतात.

जुन्याजाणत्या संपादकाला ‘लेख टिकेल का?’ असं विचारू नका, गोलगोल उत्तर मिळतं. ‘यातले कोणते दोन स्रोत तुम्ही धराल?’ असं विचारा. चांगला माणूस दोन मिनिटांत बोट ठेवतो.

वगळण्याचा साचा, म्हणजे लेख काढून टाकावा अशी सूचना, लेखावर लागला म्हणून खचू नका. २००७ मध्ये खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ‘म्झोलीज’ या खाणावळीवर इवलासा लेख केला, तर त्याच्याही वगळण्यावरून वाद पेटला. इतरांनी संदर्भ घालून तो वाढवला आणि लेख टिकला. इंग्रजी विकिपीडियावर अशी चर्चा साधारण ७ दिवस चालते. ते मतदान नाही, त्यामुळे मित्रांना गोळा करून आणू नका. ‘अमक्या पदार्थावर लेख आहे, मग यावर का नाही?’ हा मुद्दाही तिथे चालत नाही. कदाचित तो लेखही जायचाच असेल.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक छोट्या पदार्थांची जागा मूळ पदार्थाच्या लेखातल्या एका विभागातच असते. नवख्यांना हे अपमानास्पद वाटतं, का ते कळतं मला. पण तीन ओळींच्या एकाकी पानापेक्षा तिथे वाचक जास्त येतात. त्यामुळे चर्चेत हरणार असं दिसलं तर विलीनीकरण आणि पुनर्निर्देशन (जुन्या पानावर आलेल्या वाचकाला मूळ लेखाकडे वळवणं) स्वतःहून सुचवा. पुनर्निर्देशित पानाचा इतिहास सगळ्यांना दिसत राहतो, त्यामुळे चांगला स्रोत हाती लागला की तिथूनच लेख पुन्हा उभा करता येतो. वगळलेल्या पानाचा मजकूर मात्र प्रचालकाकडे, म्हणजे पानं वगळण्याचे अधिकार असलेल्या सदस्याकडे, मागावा लागतो.