पुळणीवर चालायला लागताय? आधी तिथी बघा

पुण्यात डांबरी रस्त्यावर रोज तासभर चालायची सवय होती. त्या भरवशावर गुहागरला राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी अनवाणी, पुळणीच्या म्हणजे समुद्रकाठच्या कोरड्या वाळूतून थेट असगोलीच्या दिशेने निघालो. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना टाच टेकवेना, पोटऱ्या दगड झालेल्या.

टणक जमिनीवर दिलेला रेटा आपल्याला पुढे नेतो. भुसभुशीत वाळूत तोच रेटा वाळू मागे सारण्यात जातो, म्हणून दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. टाच रुतून चवड्याच्या खाली जाते आणि तिच्यामागची, पोटरीला टाचेशी जोडणारी शीर जास्त ताणली जाते. घोटाही सारखा तोल सावरत असतो. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, शिरेला मात्र महिने लागतात. तेव्हा दम लागत नाही एवढ्यावरून अंतर वाढवू नका.

शेजारच्या काकूंनी मला भरतीचा हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्याआधी साधारण सहा तास, पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी. अष्टमीला भरतीच सहाला! म्हणून सुरुवात पौर्णिमेला किंवा अमावास्येला करा. सकाळी सहाला ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा असतो. पाऊल टेकल्यावर भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसली आणि टाच जेमतेम नखभर रुतली, की तीच तुमची वाट. पहिले तीन दिवस वीस मिनिटं पुरे.

चौथ्या दिवसापासून सुरूच्या बनाकडच्या कोरड्या वाळूत पाच मिनिटं. पावलं आखूड टाका, पूर्ण तळवा टेकवा, बोटांनी रेटू नका. अष्टमीच्या आसपास टणक पट्टा अरुंद होतो, तेव्हा सरळ सुट्टी घ्या. मी घेतो.

पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. जाल त्याच रेषेने परत या, म्हणजे दुसऱ्या पायाची पाळी येते. मधुमेहाने तळवे बधिर असतील तर अनवाणी अजिबात नको. तुटका शिंपला रुतलेला कळतही नाही.

रोज सकाळी उठल्यावरची पहिली पाच पावलं लक्ष देऊन टाका. टाचेमागे आखडल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी फक्त ओली वाळू.